स्प्रे मारूनही गाडीच्या लोखंडाला गंज परत का येतो? गोव्याच्या हवेसाठी रंग निवडताना

मे महिन्यात साइड स्टँड, कॅरिअर, मडगार्डची आतली बाजू वायर ब्रशने घासायची, हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाचा स्प्रे कॅन आणायचा आणि दोन हात मारून टाकायचे. आठवडाभर गाडी नव्यासारखी दिसते. मग जून लागतो. चतुर्थीच्या खरेदीला गाडी बाहेर काढावी तर नेमक्या त्याच जागी फोड आलेले असतात. नखाने खरवडलं की पापुद्रा सुटतो आणि खालून तांबूस पाणी येतं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा कॅन, पुन्हा तेच. गोव्यात हे इतक्या घरांत चालतं की लोकांनी ते ऋतुमानाचाच भाग मानलं आहे. तसं मानायचं काही कारण नाही. व्यवस्थित केलेलं काम इथल्या हवेतही चार-पाच पावसाळे सहज काढतं.

दुकानातलं बोलणं बहुधा असं होतं: "भाऊ, गाडीला मारायला स्प्रे द्या." "काळा ग्लॉसी की मॅट?" रंगाची छटा ठरली की विषय संपतो. खरं तर छटा सगळ्यात शेवटी ठरवायची. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: मागचा रंग नेमका कशामुळे गेला, पत्र्यावर मीठ उरलंय का आणि ज्या भागाला रंग मारायचा तो किती तापतो, त्यावर पेट्रोल सांडतं का, दगड उडतात का. ही उत्तरं मिळाली की कुठला कॅन घ्यायचा ते जवळजवळ आपोआप ठरतं.

जुना रंग कसा सुटला ते आधी बघा

जुनं ब्लेड घ्या आणि खराब झालेल्या जागी रंग उचकटून काढा. सुटलेल्या पापुद्र्याची खालची बाजू आणि उघडा पडलेला पत्रा, दोन्ही उजेडात नीट बघा.

पापुद्रे मोठे निघत असतील आणि खाली पत्रा स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर रंगाने पत्र्याला धरलंच नव्हतं. एक तर तेल-ग्रीस राहिलं, नाहीतर पत्रा पेपरने खरडलाच नाही, किंवा तो भाग गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, वा अ‍ॅल्युमिनियमचा होता आणि त्यावर साधा इनॅमल थेट मारला. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर अल्किड इनॅमल, म्हणजे आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो, सुरुवातीला छान बसतो. पण जस्ताची रंगातल्या तेलाशी हळूहळू क्रिया होऊन मधे खरोखरच साबणाचा थर तयार होतो आणि सगळा रंग साल निघाल्यासारखा सुटतो. तिथे कितीही महाग इनॅमल आणला तरी उपयोग नाही. आधी इपॉक्सी किंवा एच (इंग्रजीत etch) प्रायमर हवाच, दोन्हींबद्दल पुढे येईल.

तेलाबद्दल आपल्याकडची एक सवय मुद्दाम सांगायला हवी. पावसाआधी गाडीला खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घ्यायची पद्धत अजून टिकून आहे. गंजापासून तात्पुरती राखण होते हे खरं, पण ते तेल वेल्डिंगच्या खाचांत आणि पत्र्याच्या घड्यांत मुरून बसतं, रबरी बुश फुगवतं आणि पुढे तिथे रंग मारायला गेलं की रंग धरत नाही. रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत असतील तर कारण अशाच तऱ्हेचं, बहुधा टायर पॉलिश किंवा डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन. त्याचा उडालेला बारीकसा थेंबही पुरतो.

गंजाचे बारीक ठिपके सगळीकडे सारखे उठले असतील, तर थर पातळ पडला. स्प्रे कॅनचा एक हात सुकल्यावर साधारण १० ते १५ मायक्रॉनचा होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कारखान्यातून आलेल्या कारच्या पत्र्यावर सगळे थर मिळून सुमारे १०० ते १५० मायक्रॉन असतात. ८० नंबरच्या पेपरने खरडलेल्या पत्र्यावर दोन हात मारले, तर ओरखड्यांची टोकं जवळजवळ उघडीच राहतात. आणि अशा टोकांवरच पहिले ठिपके उठतात.

गंज फक्त कडांवरून आत सरकत आला असेल, तर दोष कडांचा. ओला रंग धारदार कडेवरून मागे ओढला जातो आणि तिथे नावापुरता उरतो. कानशीने कड किंचित गोल करायची आणि पूर्ण भागावर हात मारण्याआधी कडा, वेल्डिंगची शिवण, बोल्टांची भोकं यांवर एक हात वेगळा मारायचा. पाच मिनिटांचं हे काम जवळजवळ कोणीच करत नाही. माझ्या मते कॅनच्या किमतीपेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

रंग दुधासारखा पांढरट झाला असेल तर मारताना हवेत ओल जास्त होती. सुरकुतला असेल तर दोन हातांमधला वेळ चुकला किंवा खालच्या आणि वरच्या रंगाचं जमलं नाही. दोन्हींबद्दल पुढे सांगतो. टाकीच्या झाकणाभोवती चिकट, मऊ झाला असेल तर तिथे वन-के, म्हणजे हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) न मिसळता मारायचा रंग होता.

आणि फोड आले असतील, फोडले की आत पाणी किंवा काळपट-तांबूस ओल असेल, तर तो मिठाचा प्रताप. गोव्यात सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण हेच.

मीठ

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली थोडा जरी गंज चालू राहिला तरी तो रंगाला आतून वर उचलतो. तो चालू राहायला पाणी लागतं आणि ते पाणी मीठ ओढून आणतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. गोव्यात जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच जाते. म्हणजे गंजाच्या खड्ड्यांत मीठ राहिलं आणि त्यावर रंग मारला, तर ते बारा महिने ओलं राहणार. त्यात रंगाचा पातळ थर पाण्याची वाफ थोडी का होईना आत जाऊ देतोच. आतलं मीठ ते पाणी ओढत राहतं आणि फोड वाढत जातो.

मोरजी, हरमल, कळंगुट, मिरामार या पट्ट्यात गाडी रात्री उघड्यावर राहत असेल तर तिच्यावर रोज मिठाचा हलका थर बसतो. चोडण-रायबंदरसारख्या फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांवर तर भरतीच्या वेळी रॅम्पवरचं खारं पाणी थेट उडतं. रंगकामाच्या आयएसओ १२९४४ या मानकात हवेचे गंजाच्या दृष्टीने सी-१ पासून सी-५ आणि त्याही वर सीएक्स असे वर्ग केले आहेत. खारेपणा मध्यम असलेला किनारी भाग सी-४ मध्ये, खूप खारा किनारा सी-५ मध्ये येतो. घरातल्या कपाटासाठी बनवलेला शोभेचा स्प्रे या हवेत हरला तर त्यात नवल नाही. डिचोली, सत्तरी, सांगे भागात मीठ कमी, पण तिथे वेगळी अडचण. तांबडी माती मडगार्डच्या आत थापून बसते आणि पाऊस थांबल्यावरही पत्रा दिवसेंदिवस ओला ठेवते. किनारा लांब आहे म्हणून तिकडच्या गाडीवाल्यांनी निर्धास्त राहू नये.

मग मीठ काढायचं कसं? आधी धुवायचं आणि मग घासायचं, हा क्रम पाळा. बहुतेक लोक कोरड्यावरच वायर ब्रश फिरवायला लागतात, त्याने मीठ आणि तेल खड्ड्यांत आणखी खोल जातं. गोडं पाणी, शक्य असेल तर गरम, त्यात थोडा लिक्विड साबण, आणि नायलॉनचा ब्रश. खाडीकाठच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते यासाठी वापरू नका, नळाचं घ्या. मग गंज खरडा. ग्राइंडरवर लावायचा तारेचा कप गंजाला चकाकी आणतो, काढत नाही. पृष्ठभाग काळा आणि गुळगुळीत दिसला तर समजा की गंज फक्त घोटला गेलाय. त्यापेक्षा जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क किंवा सरळ ८० नंबरचा पेपर बरा. खरडून झाल्यावर पुन्हा गरम पाण्याने ब्रश मारून धुवायचं.

आता एक साधी परीक्षा. स्वच्छ दिसणारा पत्रा गोड्या पाण्याने हलका ओला करा आणि तासभर तसाच राहू द्या. ज्या खड्ड्यांत मीठ उरलंय तिथे आजूबाजूच्या आधी काळे-तांबडे ठिपके उमटतात. तेवढ्या जागा पुन्हा धुवा, पुन्हा खरडा. ठिपके उमटायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण संपूर्ण कामातला हाच भाग टाळता येत नाही. परीक्षा संपली की पत्रा लगेच सुकवा, हेअर ड्रायर किंवा हीट गन असेल तर उत्तम. वर आलेली हलकी लाली १८० नंबरच्या पेपरने काढा, मग ३२० नंबरचा हात फिरवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा वॅक्स-ग्रीस रिमूव्हर स्वच्छ कापडावर घेऊन पुसा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलून घ्या. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका, दोन्ही मागे तेलकट थर ठेवतात. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही. हाताचा घामही खाराच असतो.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल बरेच जण विचारतात. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. ते गंजाचं काळपट, स्थिर संयुग करतं, आणि जिथे पेपर पोचतच नाही अशा कोपऱ्यात त्याचा उपयोग आहे. पण ते मीठ काढत नाही, आणि जाड, पापुद्रे सुटणाऱ्या गंजाच्या तळापर्यंत पोचतही नाही. धुणं आणि खरडणं टाळायला म्हणून ते आणणार असाल तर पैसे वाचवा. वापरलंत तर डब्यावर धुवायला सांगितलंय की नाही ते बघून तसंच करा, कारण वर राहिलेलं आम्ल पुढच्या प्रायमरला धरू देत नाही.

टिकतो तो प्रायमर

लोक वरच्या रंगावर पैसे खर्च करतात आणि प्रायमर मिळेल तो घेतात. मी उलटं करायला सांगेन.

दुकानात करड्या रंगाचा जो प्रायमर सहज हातात पडतो तो बहुधा प्रायमर-सरफेसर असतो. त्याचं काम ओरखडे भरणं आणि घासून सपाट होणं. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. कित्येक जण करडा प्रायमर मारून "रंग नंतर बघू" म्हणत गाडी पावसात चालवतात आणि महिन्याभरात प्रायमरमधूनच गंज वर येतो. उघड्या लोखंडावर एकटा सरफेसर हा संरक्षणाचा थर नव्हेच. लांबीचंही तेच. पॉलिएस्टर लांबी ओल शोषते, म्हणून खाली इपॉक्सी असेल तरच ती भरावी.

रेड ऑक्साइड गेटला, खिडकीच्या गजांना ठीक. तो स्वस्त आहे आणि वर्षा-दोन वर्षांनी हात मारायची तयारी असेल तर चालतो. गाडीच्या भागाला दगड लागतात, कंप असतो, पेट्रोल सांडतं. तिथे तो कमी पडतो.

एच प्रायमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, ते धातूला हलकं खाऊन पकड घेतं. अ‍ॅल्युमिनियम, गॅल्व्हनाइज्ड आणि नव्या चकचकीत पत्र्यासाठी तो चांगला. थर पातळ असतो, म्हणून त्यावर आणखी प्रायमर आणि रंग हवाच. त्यावर थेट इपॉक्सी मारायचं टाळा, खाली राहिलेलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरला बाधतं.

झिंक स्प्रे, म्हणजे कोल्ड गॅल्व्हनायझिंग, हा वेल्डिंग केलेल्या जागांसाठी आणि चेसिससाठी फार कामाचा प्रकार. सुकलेल्या थरात ९० टक्क्यांच्या वर जस्त असेल असाच बघून घ्या. रंगाला ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पण त्यासाठी जस्ताचा लोखंडाला थेट स्पर्श हवा. गंजावर, जुन्या रंगावर किंवा दुसऱ्या प्रायमरवर मारलेला झिंक स्प्रे हा निव्वळ करडा रंग. त्यावर अल्किड इनॅमलही मारू नका, वर सांगितलेला साबणाचा प्रकार इथेही होतो.

आणि इपॉक्सी. गोव्यात एकच प्रायमर घ्यायचा तर मी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, इपॉक्सी घेईन. पाण्याला अडवण्यात वर सांगितलेल्या कुठल्याच प्रायमरला त्याची सर नाही. कॅनमध्येच हार्डनरची वेगळी कुपी असते, तळाची पिन दाबली की ती फुटून मिसळते. एकदा पिन दाबली की कॅन ठेवून देता येत नाही, म्हणून सगळे भाग आधी तयार करून एका दमात मारायचे. इपॉक्सीचा एकच दुर्गुण, उन्हात त्याची पूड व्हायला लागते. त्यामुळे वर रंगाचा थर द्यावाच लागतो. चेसिसच्या पोटाखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे नुसता इपॉक्सीही पुष्कळ टिकतो.

कॅनवर काय वाचायचं

कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एकाच कंपनीचे पाच-सहा वेगवेगळ्या जातींचे कॅन असतात आणि जातीतच सगळं आहे. लॅकर म्हटलेला, मग तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) असो की अ‍ॅक्रिलिक, नुसता थिनर उडून सुकतो. वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण पुढे कधीही थिनर किंवा पेट्रोल लागलं की पुन्हा मऊ पडतो. अल्किड इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. तो लॅकरपेक्षा चिवट असतो, पण आपल्या दमट हवेत त्याला दिवस लागतात. त्याचा दुसरा हात एक तर पहिल्या तासाभरात, नाहीतर एक-दोन दिवसांनी मारायचा. नेमका वेळ डब्यावर दिलेला असतो. मधल्या वेळात मारला की खालचा थर सुरकुततो. टू-के पॉलियुरेथेन, गॅरेजमधला पीयू, हार्डनरने घट्ट होतो आणि पेट्रोल, ऊन, पाणी तिन्हींना टिकतो.

जुना रंग कुठला आहे ते ओळखायचं असेल तर लपलेल्या जागी कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून घासा. रंग बोळ्यावर आला तर लॅकर, फुगून सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर कारखान्याचा किंवा टू-के रंग. इनॅमलवर लॅकर मारू नका. रंग सुरकुतण्याचं एक मोठं कारण हे.

डब्यावर "५०० तास सॉल्ट स्प्रे टेस्ट" असं लिहिलेलं असतं. त्या चाचणीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंश तापमानाला सतत मारतात. दोन रंगांची तुलना करायला ती बरी, पण त्या तासांवरून वर्षं मोजता येत नाहीत, कारण तिच्यात ऊन नाही, दगड नाहीत, ओलं-सुकं होणं नाही.

टू-केबद्दल एक इशारा मनापासून. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि वास आला नाही म्हणजे धोका नाही असं नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा, एवढं तरी हवंच. घरात कुणाला दमा असेल, लहान मुलं अंगणात खेळत असतील, तर हे काम घरी करू नका. रंगाचे बूथ असलेल्या गॅरेजला द्या.

कुठल्या भागाला काय

साइड स्टँड, मेन स्टँड, कॅरिअर, क्रॅश गार्ड हे सुटे होणारे भाग. खरं सांगायचं तर यांना कॅनपेक्षा ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने गंज उडवणं) करून पावडर कोटिंग जास्त चांगलं. औद्योगिक वसाहतींत हे काम करणारे मिळतात. पावडर साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात आणि एकाच थरात भरपूर जाडी मिळते. फक्त खाली इपॉक्सी किंवा झिंकचा प्रायमर मागून घ्या, कारण नुसत्या पावडरला टवका उडाला की ओल तिच्याखालून पसरत जाते. कॅननेच करायचं असेल तर टू-के इपॉक्सीचे दोन हात आणि वर टू-के काळा. स्टँड जिथे जमिनीला आणि स्टॉपरला घासतो तिथे कुठलाच रंग टिकणार नाही, तिथे ग्रीस.

मडगार्डची आतली बाजू आणि चेसिसचं पोट इथे शोभा नको, जाडी हवी. इपॉक्सीवर रबराइज्ड अंडरकोट चालतो. पण गंजावर तो कधीही मारू नका, त्याखाली गंज दिसत नाही आणि पत्रा भोक पडेपर्यंत खात राहतो. चेसिसच्या नळ्या आतूनही गंजतात. त्यांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा आणि आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांसाठीचं मेण, मारा. स्कूटरच्या पायाखालची रबरी मॅट पावसाळ्यात उचलून ठेवलेली बरी, तिच्याखाली पाणी कधी सुकतच नाही.

टाकीला वरून टू-के क्लिअरच, म्हणजे पारदर्शक थरच, हवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते लॅकरला आणखी लवकर मऊ करतं. टाकीवर ग्राइंडर चालवायचा नाही, ठिणगी पडायला नको. पेपरने हातानेच घासा.

सायलेन्सरचा हिशेब पूर्ण वेगळा. साधा रंग तिथे जळतोच. सिलिकॉन रेझिनचा, ६०० अंश किंवा त्याहून जास्त लिहिलेला हीट रेझिस्टंट कॅन घ्या, आणि खाली साधा प्रायमर किंवा लांबी नको, फक्त स्वच्छ खरडलेलं लोखंड. हा रंग हवेत सुकल्यासारखा वाटतो, पण उष्णता मिळाल्याशिवाय पक्का होत नाही. रंग मारल्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन दहा मिनिटं चालवून पूर्ण थंड करा, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड, मग एक लांबची फेरी. आधीच धुतला किंवा पेट्रोल लागलं तर तो पुसला जातो. रोज फक्त बाजारापर्यंत जाणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर आतून गंजतात, कारण आत जमलेलं आम्लयुक्त पाणी वाफ होऊन बाहेर जाण्याइतकं इंजिन तापतच नाही. त्याला बाहेरचा रंग काही करू शकत नाही.

दिवस आणि वेळ

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, असा रंगकामाचा नियम आहे. जुलैतल्या दिवशी हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा, दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे पत्रा हवेइतकाच गरम असला तरी आपण अगदी काठावर असतो. त्यात कॅनमधला थिनर उडताना पत्र्याला आणखी थंड करतो, ओल बसते आणि लॅकर पांढरा पडतो. जानेवारीच्या दुपारी ३१ अंश आणि ५० टक्के असेल तर दवबिंदू १९ च्या आसपास राहतो, मधे भरपूर अंतर. म्हणून डिसेंबर ते मार्च हा आपला हंगाम, वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. थंडीत पहाटेचं दंव पत्र्यावर उशिरापर्यंत असतं, घाई नको. मारायचं सावलीत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पोचायच्या आतच सुकतो आणि खरखरीत बसतो.

मे महिना मला पसंत नाही. दमटपणा वाढलेला असतो, आणि अल्किड पूर्ण घट्ट व्हायच्या आत पाऊस दारात येतो. शिवाय उघडा पत्रा तेव्हा संध्याकाळपर्यंतही थांबत नाही, त्यावर लाली चढते. कुठल्याही महिन्यात खरडल्यापासून तासाभरात प्रायमर लागला पाहिजे.

मारताना: कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं कॅन हलवा. अंतर २० ते ३० सेंटीमीटर, हात भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवा. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात, मधे दहाएक मिनिटं, इनॅमल असेल तर डब्यावरच्या वेळेच्या आत. शेवटी कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत नोझल मोकळा करा. टू-केचा उरलेला कॅन जपून ठेवण्यात अर्थ नाही, तो आतच दगड होतो. आणि कुठलाही कॅन उन्हात उभ्या कारमध्ये ठेवायचा नाही. आतला गॅस ज्वालाग्राही असतो, आणि ५० अंशांच्या वर कॅन तापू देऊ नये असं डब्यावरच छापलेलं असतं.

हे वाचताना पावसाळा चालू असेल आणि स्टँडवर फोड दिसत असतील, तर आत्ता रंग मारू नका. फोड फोडा, सुटा रंग खरवडून टाका, गोड्या पाण्याने धुवा, इंजिनच्या उबेने किंवा हेअर ड्रायरने सुकवा आणि त्यावर लॅनोलिन (लोकरीतून मिळणारं मेण) किंवा वॅक्सचा गंजरोधक स्प्रे मारून ठेवा. नाही मिळाला तर ग्रीसचा पातळ हात लावा, फक्त ब्रेक आणि टायरपासून लांब. पंधरा दिवसांनी पुन्हा. डिसेंबरमध्ये हे सगळं ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसून काढायचं आणि मग पहिल्यापासून, धुण्यापासून, कामाला लागायचं.